समजावून सांगितलं तरी पेशंट परत भरती होतो, तेव्हा

तुझा प्रश्न दोनदा वाचला. मेडिसिन वॉर्डात सहा महिने झालेत, जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधशास्त्रात, चांगले मार्क होते, श्वसनाच्या औषधांचे गट, डोस, साइड इफेक्ट अजून तोंडपाठ आहेत. पण सिन्नरकडचे एक आजोबा सीओपीडीने (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराने) तीन महिन्यांत तिसऱ्यांदा भरती झाले. दर वेळी डिस्चार्जला तू त्यांना पंप, म्हणजे इन्हेलर, समजावून दिलास, दर वेळी त्यांनी मान डोलावली. आता तुला शंका येते की आपल्यालाच ही औषधं कळलेली नाहीत. ती लक्षात कशी ठेवायची आणि पेशंटला कशी सांगायची, असं तू विचारलंयस. मी २६ वर्षं नाशिकमध्येच नर्सिंग केलं, त्यातली बरीचशी छातीच्या वॉर्डात. नवीन आहेस म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस.

प्रश्न दोन वाटतात, पण दुखणं एकच आहे. तुला औषधं पुस्तकाच्या क्रमाने पाठ आहेत: आधी बीटा-२ ॲगोनिस्ट, मग अँटिकोलिनर्जिक, मग झँथिन, मग स्टेरॉइड. परीक्षेला तो क्रम बरोबर. पण आजोबांना रात्री दोन वाजता धाप लागते तेव्हा गट नको असतो. हाताशी आहे ते औषध आत्ता उपयोगाचं आहे का आणि किती वेळात, एवढंच त्यांना हवं असतं. म्हणून मी नवीन मुलींना सांगायचे, औषधं घड्याळावर लावा. किती वेळात लागू पडतं आणि किती वेळ टिकतं, हे दोन आकडे प्रत्येकाला चिकटवा. पेशंटला काय सांगायचं ते बरंचसं त्यातूनच निघतं.

साल्ब्युटामॉल ओढलं की पाचेक मिनिटांत छाती मोकळी व्हायला लागते आणि ४ ते ६ तासांत त्याचा असर उतरतो. लेव्होसाल्ब्युटामॉल त्याच घरातलं. इप्राट्रोपियमला १५ ते ३० मिनिटं लागतात आणि पूर्ण जोर यायला तास-दोन तास. म्हणून मोठ्या धापेत दोन्ही एकत्र वाफेतून, म्हणजे नेब्युलायझरने, देतात. एक लगेच हात देतं, दुसरं मागून येऊन सांभाळून धरतं. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांतच सुरू होतं आणि १२ तास टिकतं. साल्मेटेरॉलही १२ तास टिकतं, पण सुरू व्हायला वेळ घेतं. टायोट्रोपियम २४ तासांचं, म्हणून दिवसातून एकदाच. आणि ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोनसारखी ओढायची स्टेरॉइड? त्यांना घड्याळ पुरत नाही, कॅलेंडर लागतं. श्वासनळीची सूज उतरायला दिवस जातात, पुरता फायदा दिसायला काही आठवडे.

पेशंट हातातून निसटतो तो नेमका इथे. त्याला दोन पंप दिलेले असतात. एक ओढला की पाच मिनिटांत बरं वाटतं, दुसरा चार दिवस ओढून काहीच जाणवत नाही. मग तो दुसरा कपाटात ठेवतो आणि पहिला दिवसातून दहा वेळा मारतो. त्याच्या बाजूने बघितलंस तर त्याचं चुकत नाही. ज्याचा गुण येतो ते औषध, हे माणूस आयुष्यभर शिकलेला असतो. आपण त्याला आधीच सांगितलेलं नसतं की या दुसऱ्याचा गुण जाणवणारच नाही, तरी तो काम करत असतो.

मी पंपांची नावं सांगत नाही. एकाला ‘आत्ताचा’ म्हणते, दुसऱ्याला ‘रोजचा’. रंगावरही जाऊ नकोस, कंपनी बदलली की रंग बदलतो. पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर पेनने लिही, वाचता येत नसेल तर रोजच्यावर सूर्य आणि चंद्र काढ. आपल्या भागात द्राक्षवाले शेतकरी खूप, त्यांच्यासाठी माझं एक ठरलेलं वाक्य होतं: ‘पान स्वच्छ दिसतंय म्हणून तुम्ही डाऊनीची फवारणी थांबवता का?’ डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. रोग दिसायच्या आधी मारायचं औषध आणि रोग दिसल्यावर मारायचं औषध यातला फरक तो तुझ्या-माझ्यापेक्षा चांगला जाणतो.

मात्र ही ‘आत्ताचा-रोजचा’ वाटणी सगळ्यांना सरसकट लागू नाही, हे तुला माहीत असायला हवं. दम्यासाठी ‘जीना’ ही जागतिक मार्गदर्शिका आहे. तिने २०१९ पासून मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना नुसतं साल्ब्युटामॉल देऊ नये, सोबत ओढायचं स्टेरॉइड असावंच, असं सांगितलंय. त्यामुळे काही डॉक्टर दम्याच्या पेशंटला ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा एकच पंप रोजसाठीही देतात आणि धाप लागल्यावरही. फॉर्मोटेरॉल लगेच सुरू होतं म्हणून हे जमतं. साल्मेटेरॉल असलेला पंप असा वापरता येत नाही, कारण तो सुरू व्हायला उशीर लावतो. बघ, घड्याळ माहीत असलं की हे पाठ करावं लागत नाही. सीओपीडीचं गणित वेगळं, तिथे लांब टिकणारी श्वासनळी मोकळी करणारी औषधं मुख्य असतात आणि स्टेरॉइड सगळ्यांना लागत नाही. तेव्हा लेबल लावण्याआधी केसपेपरवर निदान काय आहे आणि डॉक्टरांच्या मनात काय आहे, हे विचारून घे. विचारण्यात कमीपणा नाही.

साइड इफेक्टही असेच कशाला तरी बांधून ठेव. फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेला पेशंट तू नाशिकमध्ये पाहिला असशीलच, नसेल तर पाहशील. त्याला ॲट्रोपिन देताना आपण काय बघत बसतो? तोंड कोरडं पडलं का, नाडी वाढली का, बाहुल्या मोठ्या झाल्या का, लघवी तुंबली का. इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही ॲट्रोपिनच्याच नात्यातली. ओढून घेतल्यावर रक्तात फार कमी जातात म्हणून सगळं सौम्य असतं, पण दिशा तीच. तोंड कोरडं पडतं, आणि प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते. डोळ्याचं तर विसरूच नकोस. एका रात्री आमच्या वॉर्डात एका आजींची एकच बाहुली मोठी दिसली. मेंदूत काही झालं की काय म्हणून सगळ्यांची धावपळ. डॉक्टरांनी तपासलं, बाकी सगळं ठीक होतं. वाफेचा मास्क नाकाशी सैल होता आणि औषध सगळं त्या बाजूच्या डोळ्यात जात होतं. काचबिंदू असलेल्या माणसाला हे महागात पडू शकतं. तेव्हापासून जमेल त्याला मी मास्कऐवजी तोंडात धरायची नळी देते आणि मास्क द्यावाच लागला तर नाकाशी बोट लावून गळती बघते.

साल्ब्युटामॉलने हात थरथरतात, छातीत धडधडतं. हे पेशंटला आधी सांगितलं तर तो ‘औषध लागू पडतंय, थोड्या वेळात थांबेल’ म्हणतो. न सांगता झालं तर ‘हार्टचं काहीतरी झालं’ म्हणून पंप कायमचा बंद करतो. वॉर्डात मात्र एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटू नये. वारंवार वाफ दिली की पोटॅशियम पेशींच्या आत जातं आणि रक्तातलं उतरतं. त्यात स्टेरॉइड आणि लघवी वाढवणारं इंजेक्शन चालू असेल तर आणखी उतरतं. रिपोर्ट आला की तो आकडा आधी बघ.

झँथिन गटातल्या थिओफिलिनच्या गोळ्या आणि डेरिफिलिनचं इंजेक्शन आपल्याकडे अजून सर्रास दिलं जातं. त्याची गुणाची पातळी आणि विषाची पातळी जवळजवळ असतात. तुझ्या सिन्नरच्या आजोबांवरून आठवलं म्हणून सांगते. तिकडे विडीचा धंदा जुना, घरोघरी विड्या वळल्या जातात, ओढणारेही बरेच. विडीच्या धुराने यकृत थिओफिलिन लवकर संपवतं, म्हणून ओढणाऱ्याला जास्त डोस लागतो. तोच माणूस भरती झाला, विडी सुटली, डोस तोच राहिला, की पुढच्या काही दिवसांत पातळी चढते. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन सुरू झालं तर आणखी चढते. उलट टीबीच्या औषधातल्या रिफाम्पिसिनने ती उतरते. मळमळ, उलटी, झोप न लागणं, नाडी जोरात, ही पहिली पावलं. झटका येणं हे शेवटचं. उलटी झाली म्हणून नुसतं उलटीचं इंजेक्शन देऊन पुढच्या पलंगाकडे जाऊ नकोस.

ऑक्सिजनबद्दल थोडक्यात. सीओपीडीच्या पेशंटचं सॅच्युरेशन साधारण ८८ ते ९२ ठेवायचं असतं. नातेवाईक मशीनवर ९८ मागतात, त्यांना समजव, स्वतः होऊन फ्लो वाढवू नकोस.

स्टेरॉइड हा शब्द ऐकला की घरचे घाबरतात, आणि त्या भीतीने जितके पंप बंद होतात तितके पैशांनीही होत नसतील, असं मला वाटतं. मी त्यांना माप दाखवते. प्रेडनिसोलोनची गोळी मिलिग्रॅममध्ये, ओढायचं औषध मायक्रोग्रॅममध्ये, आणि एका मिलिग्रॅममध्ये १००० मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही, त्यामुळे हा काटेकोर हिशेब नव्हे, पण हे औषध थेट फुप्फुसात जातं आणि म्हणून इतकं थोडं पुरतं, एवढं त्यातून कळतं. चूळ भरायची ती का, तेही सांग. नुसतं ‘चूळ भरा’ म्हटलं की लोक दोन दिवस भरतात. औषध तोंडात राहिलं तर जिभेवर पांढरी बुरशी येते, घसा बसतो, हे सांगितलं की रोज भरतात. पाणी गुळण्या करून थुंकायचं, गिळायचं नाही. गोळीच्या स्टेरॉइडचं वेगळं: पाच-सात दिवसांचा छोटा कोर्स डॉक्टर बहुतेक वेळा थेट थांबवतात, पण आठवडेच्या आठवडे चाललेली गोळी मनाने एकदम बंद करायची नाही. मधुमेह असेल तर साखर वाढणारच, घरी तपासायला सांग.

आता सांगण्याकडे येते, कारण तुझं खरं अडलंय ते इथे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पेठ तालुक्यातल्या एका मामांना मी पावडरच्या कॅप्सूल आणि ते फिरवायचं यंत्र दिलं. ‘या सकाळ-संध्याकाळ एकेक घ्यायच्या,’ मी म्हणाले. ‘समजलं ना?’ विचारलं, ते हो म्हणाले. केसपेपरवर ‘आरोग्य शिक्षण दिले’ लिहून सही केली. दोन महिन्यांनी ते आले तेव्हा ओठ निळे पडलेले होते. औषध नेमाने चालू होतं, एक दिवस चुकला नव्हता. दोन महिने ते कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते. यंत्र डब्यातून बाहेरही निघालं नव्हतं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्या भाषेत गोळी घ्या म्हणजे गिळा, आणि मी ‘घ्या’ म्हणाले होते. त्या दिवसापासून श्वसनाच्या औषधाला मी ‘घ्या’ म्हणत नाही. ‘ओढा’ म्हणते. ही सवय तूही लाव.

दुसरी सवय अशी की ‘समजलं का?’ विचारायचंच नाही. मोठ्या माणसाला सिस्टरसमोर ‘नाही समजलं’ म्हणायला अवघड जातं, मान डोलावणं ही त्याची सभ्यता असते. ‘बाबा, तुम्ही घरी कसं ओढता ते मला करून दाखवा,’ म्हण. आणि हे तू शिकवण्याच्या आधी म्हण, नंतर नाही. आधी दाखवलं की घरी काय होतं ते दिसतं. आपण करून दाखवल्यावर त्यांनी केलं, तर ती फक्त आपली नक्कल असते. मी जे जे पाहिलंय ते तुला खोटं वाटेल: टोपण न काढता दाबलेला पंप, परफ्यूमसारखा छातीवर मारलेला पंप, उलटा धरलेला, श्वास सोडताना मारलेला, एका दमात तीनदा दाबलेला.

पंपाचं बरोबर कसं ते तुला येत असेल, तरी माझ्या शब्दांत सांगते. हलवा, फुप्फुस रिकामं होईपर्यंत श्वास सोडा, ओठ घट्ट लावा, ओढायला सुरुवात करतानाच एकदा दाबा, सावकाश खोल ओढत राहा, मग १० आकडे मोजेपर्यंत श्वास धरा. दुसरा मारायचा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून पुन्हा हलवा. पावडरच्या यंत्राचं नेमकं उलट आहे. तिथे जोरात आणि खोल ओढायचं, कारण पावडर उडवायला पेशंटच्या श्वासाचाच जोर लागतो. यंत्रात फुंकायचं नाही, ओल लागते. ओढून झाल्यावर कॅप्सूल उघडून बघायची, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचं. ज्याला दोन्ही दिलेत तो हमखास गोंधळतो, म्हणून ‘पंपाला सावकाश, पावडरला जोरात’ एवढं त्यांच्याकडून चार वेळा म्हणवून घे. धापेने खचलेल्या म्हाताऱ्या माणसात पावडर ओढायचा जोर उरत नाही. तसं दिसलं तर डॉक्टरांना सांगायची जबाबदारी तुझी, कारण यंत्र ओढताना त्यांना तूच पाहिलेलं असतं.

पंप वापरणाऱ्या जवळजवळ सगळ्यांना स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायचं नळकांडं) असावा, असं माझं मत आहे. दाबणं आणि ओढणं एका क्षणी जुळलं नाही तरी औषध वाया जात नाही, घशात कमी बसतं. आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्यायचा, कपड्याने पुसायचा नाही, पुसला की औषध भिंतीला चिकटतं.

पंप संपला कसा ओळखायचा, हे फारच कमी जणी सांगतात. औषध संपल्यावरही त्यातून फवारा येत राहतो. पाण्यात तरंगवून बघायची युक्ती भरवशाची नाही. आकडा दाखवणारा पंप असेल तर तो वाचायला शिकव. नसेल तर हिशेब घालून दे: १२० मात्रांचा पंप, सकाळी दोन आणि रात्री दोन, म्हणजे बरोबर ३० दिवस. संपायची तारीख पंपावरच लिही. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडच्या घरांत पावडरच्या कॅप्सूल दमट होतात. त्या त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवायच्या आणि ओढायच्या वेळीच काढायच्या, रात्रीच यंत्रात भरून ठेवायच्या नाहीत.

तुझ्या पाच मिनिटांत हे सगळं बसणार नाही, मलाही कधी बसलं नाही. म्हणून डिस्चार्जच्या दिवसाची वाट बघू नकोस. त्या दिवशी घरच्यांचं लक्ष बिलाकडे आणि गाडीकडे असतं. भरतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, धाप उतरली की सुरू कर. सकाळच्या औषधाच्या वेळी तोच पंप त्यांच्याच हातून मारून घे. औषध दिलं जातं आणि शिकवणंही होतं, वेगळा वेळ लागत नाही. घरी औषध कोण देतं ते विचार, बहुतेक वेळा सून किंवा नातू असतो, त्यालाही त्या वेळी थांबव. आणि धोक्याच्या खुणा त्यांच्याकडून वदवून घे: एक वाक्य एका दमात बोलता येईना, ओठ निळसर झाले, माणूस गुंगीत जायला लागला, किंवा आत्ताच्या पंपाचा गुण चार तासही टिकेना, तर १०८ ला फोन. बसून वाट बघायची नाही.

आता तुझे आजोबा. उद्या ड्यूटीवर गेलीस की त्यांना घरी करतात तसं करून दाखवायला सांग आणि मधे बोलू नकोस, शेवटपर्यंत बघ. चूक सापडली तर बरंच झालं. सगळं बरोबर निघालं तर दुसरीकडे शोधावं लागेल: विडी खरंच सुटली का, घरात चूल आहे का आणि थंडीत ते तिच्याशेजारीच बसतात का, महिनाअखेरीस पंप आणायला पैसे असतात का. संधिवाताने बोटांत दाबायची ताकद आहे का, तेही बघ. मग त्यांची घरची औषधांची पिशवी मागवून पलंगावर रिकामी करायला सांग, आणि त्यात डोळ्यांच्या थेंबांची बाटली असेल तर तीही वाच. काचबिंदूच्या काही थेंबांत टिमोलॉल असतं. ते डोळ्यातून रक्तात जाऊन श्वासनळ्या आवळू शकतं, आणि डोळ्याचं औषध म्हणून ते छातीच्या डॉक्टरांना कोणी सांगत नाही. सापडलं तर मनाने बंद करू नकोस, त्याच राउंडला डॉक्टरांच्या हातात बाटली दे.